दोनशे अकरा मीटर

बसवकल्याण
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

रत्नपाल,

वर 'चिरंजीव' लिहिलं नाही आणि 'प्रिय'ही लिहिलं नाही. पहिलं वाचून तू हसशील आणि दुसरं आपल्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही. जयभीम घे आणि पुढे वाच.

फोन केला नाही, कारण २०२० च्या शर्यतीपासून तू माझा फोन उचलत नाहीस. सहा वर्षांत विशाखापट्टणमहून दोनदा इकडे आलास, दोन्ही वेळा उदगीरला मावशीकडे उतरलास आणि अप्पांना तिकडे बोलावून घेतलंस. अप्पा रोज मागच्या खोलीत जाऊन, दार लावून तुझ्याशी बोलतात. त्यांचा आवाज दाराला जुमानत नाही हे त्यांना अजून कळलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. पत्राचं बरं असतं. ते मध्येच तोडता येत नाही.

आपल्या क्लबची हाफ मॅरेथॉन अकरा जानेवारीला आहे. करोनाची दोन वर्षं सोडली तर ही सातवी. पहिल्या वर्षी एकोणसाठ माणसं होती आणि त्यातली बारा क्लबचीच. यंदा आजवर सहाशे चाळीस नावं आली आहेत, त्यांत एकशे सात बायका. निर्णा गावची एक अंबिका म्हणून मुलगी आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. शेताच्या बांधावरून धावून तयार झाली आहे. परवा विचारत होती, मॅडम, पायात मोजे घातलेच पाहिजेत का. मी म्हटलं, घाल, आणि आधी दहा वेळा धुऊन मऊ कर. निवृत्त झाले तरी लोक मला अजून मॅडमच म्हणतात आणि अजून घाबरतात. दोन्ही ठीक आहे.

आपली शर्यत जाते तो मुडबीचा रस्ता रुंद झाला आहे. मोठ्या शर्यतींच्या यादीत नाव घालायचं तर मोजणीचा कागद लागतो, म्हणून हैदराबादहून एक जण मोजणीचं चाक घेऊन आला होता. थोडा फरक निघाला. ठेकेदारांच्या कामात असं होतं. परतीच्या वळणाची खूण सरकवून घेतली आहे.

हे तुला कळवावं असं वाटलं. बाकी सगळं ठीक.

आई

बसवकल्याण
रविवार, ७ डिसेंबर २०२५

रत्नपाल,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पत्र पेटीत टाकलं तेव्हाच ते मला माहीत होतं. ठेकेदाराचा काही संबंध नाही. रस्ता दोन्ही कडांनी रुंद झाला, लांब झाला नाही. वळणाची खूण ज्या छोट्या पुलाच्या कठड्यावर होती तो पूलही जागेवर आहे आणि माझ्या हाताने मारलेला पांढरा पट्टाही.

फरक दोनशे अकरा मीटरचा निघाला. जाताना तेवढा आणि येताना तेवढा. म्हणजे चार शर्यती आपण लोकांना एकवीस किलोमीटरच्या नावाखाली साडेएकवीस धावायला लावलं. दर वर्षी दोन-चार जण घड्याळ दाखवत यायचे, मॅडम, अंतर जास्त भरतंय. मी त्यांना एकच उत्तर द्यायचे. तुमचं घड्याळ आकाशाला विचारतं, माझं चाक जमिनीला विचारतं. हे वाक्य मला फार आवडायचं. आता लिहायलाही नको वाटतं.

मोजणीच्या दिवशी मी आणि क्लबचे सचिव अण्णाराव दोघेही तिथे होतो. हैदराबादच्या माणसाने पुलाच्या अलीकडे खडूने रेघ मारली आणि आकडा सांगितला. अण्णारावांनी लगेच उपाय काढला. त्यांना काही पटवायचं असलं की मी मॅडमची अक्का होते. म्हणाले, "अक्का, रस्त्याचं काम झालंय की. त्याच्यावर घाला. कोन विचारायलंय?"

पण दोनशे अकरा हा आकडा मला ओळखीचा होता.

तुला आठवत असेल, २०२० मध्ये हा रस्ता पहिल्यांदाच घेतला तेव्हा आपल्याकडे मोजणीचं यंत्र नव्हतं. माझ्या सायकलचं पुढचं चाक एका फेऱ्यात दोन मीटर अकरा सेंटिमीटर जातं. एका बाजूचं अंतर म्हणजे पाच हजार फेरे. चाकाच्या काडीला पत्र्याची पट्टी लावली होती, फेरा झाला की टक आवाज यायचा. गळ्यात दोन पिशव्या होत्या. डाव्या पिशवीत पन्नास चिंचोके मोजून घेतले होते. शंभर फेरे झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे टाकायचा, डावी पिशवी रिकामी झाली की थांबायचं. क्लबमधले सगळे या युक्तीवर खूश होते. मी तर होतेच. तू मात्र म्हणाला होतास, "आई, कुणीतरी दुसऱ्यानंही मोजू दे." मी म्हटलं, बत्तीस वर्षं गणित शिकवलंय, शंभरापर्यंत येतं मला.

शंभर फेरे म्हणजे दोनशे अकरा मीटर. एक चिंचोका.

एका शंभराला मी चिंचोका टाकला नाही. याला दुसरा हिशेब नाही.

अण्णाराव गाडी वळवायला गेले तेव्हा मी त्या खडूच्या रेघेवर उभी राहिले आणि पुलाकडे पाहिलं. बारा जानेवारी २०२० ला मी त्या पुलावर शिट्टी घेऊन उभी होते आणि तू या रेघेवरून मागे वळला होतास. पाऊलभरही इकडेतिकडे नाही.

आई

बसवकल्याण
रविवार, २१ डिसेंबर २०२५

रत्नपाल,

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तू बोलायला आला होतास, मी भाकरी थापत होते आणि म्हणाले होते की निकाल लागला, विषय संपला. आता मी सांगते. माझ्याकडून जसं दिसलं तसं.

मी पुलावर होते. शेजारी लाल शंकू. सगळे त्याला कोन म्हणतात, मी म्हणत नाही, कोन वेगळा आणि शंकू वेगळा. नियम सकाळी तीन भाषांत वाचून दाखवला होता: शंकूला पूर्ण वळसा घालणार नाही तो बाद. तू सगळ्यांच्या पुढे होतास, तुझ्या मागे बराच वेळ कुणी नव्हतं. पहिल्या पगारातून घेतलेलं ते अंतर मोजणारं घड्याळ हातात होतं. तू आलास, मनगटाकडे पाहिलंस, थांबलास. माझ्याकडे हात वर करून ओरडलास, "आई, इथंच भरतंय, शंकू चुकलाय." मी शिट्टी वाजवली आणि हाताने ये म्हणून खूण केली. तू एकदा डोकं हलवलंस आणि उलटा फिरलास.

मी पंच झाले तेव्हा कोण काय बोललं होतं ते तुला माहीत आहे. आता यांच्या घरातली बाई शिट्टी वाजवणार का, असं एकाने चहाच्या टपरीवर विचारलं होतं आणि ते माझ्यापर्यंत पोचेल याची सोयही केली होती. आपल्याला आयुष्यात एक सेंटिमीटर फुकट मिळालेला नाही. म्हणून मीही कुणाला देत नाही. आणि पहिल्याच वर्षी माझाच मुलगा माझ्या डोळ्यांदेखत अर्ध्यातून फिरतो. मला वाटलं, मी आई आहे म्हणून तू ते केलंस. दुसरा कुणी पंच असता तर केलं नसतंस.

मी स्कूटरवरून परत आले तेव्हा लोक तुला खांद्यावर घेऊन नाचत होते. मी माईक घेतला. बाद म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. मी मराठीत 'लबाडी' म्हणाले, आणि सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमध्ये 'मोसा' म्हणाले. बाद करणं हा नियम होता. तो शब्द नियमात नव्हता. तो माझा होता.

आता चिंचोक्याचं.

त्या मोजणीच्या दिवशी काय झालं ते आठवायचा मी दोन आठवडे प्रयत्न केला. एकच गोष्ट आठवली. रस्त्यात एका ठिकाणी तूर पसरलेली होती. गाड्यांच्या चाकांखाली मळून निघते म्हणून दर जानेवारीत लोक अर्धा रस्ता तुरीच्या पेंढ्यांनी भरून टाकतात आणि दर जानेवारीत मी त्यांच्याशी भांडते. ती तूर किशनरावांची होती. गुरुवारी मी त्यांच्या शेतात गेले. मला पाहून ते आधी तूर कुठे टाकली आहे ते सांगायला लागले. मी म्हटलं, आज भांडायला आले नाही. त्या दिवशी मी नेमकं काय केलं ते सांगा.

ते विसरलेले नव्हते. सहा वर्षं पारावर हीच गोष्ट सांगत होते.

"बाई, तुमी 'शंभर' म्हनत सायकलीवरून उतरलात. हात गळ्यातल्या पिशवीत घातलात. मला वाटलं कायतरी काढायलात. तर शिट्टी काढलात आन् माझ्या कानाजवळ फुंकलात. मग अर्धा घंटा माझी खरडपट्टी. मग सायकलीवर बसलात आन् 'एक, दोन' म्हनत गेलात."

चिंचोक्यासाठी घातलेला हात शिट्टी घेऊन बाहेर आला. बरोबर आहे. असंच झालं असणार. मला ओळखणारा कुणीही सांगेल की असंच झालं असणार.

मी त्यांना विचारलं, हे तेव्हाच का सांगितलं नाही. ते म्हणाले, "तुमी इचारलात कवा? तुमीच बोलायला व्हतात."

त्यांच्या बायकोने चहा केला, गूळ घालून. मी प्याले. येताना किलोभर तूर घेतली, पैसे दिले. त्यांनी सांगितलं त्याचं मोल वेगळं, तुरीचं मोल वेगळं.

काल क्लबची बैठक झाली. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं की बक्षीस समारंभात हे माईकवरून सांगणार. अण्णाराव म्हणाले, "मॅडम, कामून जुनं उकरायलात? जाहिरातवाले काय म्हनतील? आपलं अंतर चार वर्षं चूक होतं म्हनून पेपरात येईल." या वेळी अक्का नव्हते. मी म्हटलं, येऊ दे, अंतर जास्त होतं, कमी नव्हतं. आपण कुणाला कमी दिलं नाही. त्यांनी समजावलं की अंतर दुरुस्त झालं तेवढं पुरे, कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. मी विचारलं, त्या दिवशी मी नाव घेतलं होतं की नाही?

बैठकीच्या आधी मी शिवराजकडे गेले होते. तुला बाद केल्यावर पहिला नंबर त्याला मिळाला, म्हणून त्याला आधी सांगणं भाग होतं. तो दुकानात खताची पोती उतरवून घेत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी रत्नपालच्या तीन मिनिटं मागं होतो. मला ठाऊक होतं की. ती ट्रॉफी आमच्या मायनं स्वयंपाकघरात ठेवलीय, तिच्यात चमचे हायेत. द्या म्हनलात तर धुऊन देतो."

मी नको म्हटलं. घरी येऊन हिशेब केला. त्या तीन मिनिटांतलं दीड मिनिट मी दिलेल्या जादा अंतराचं होतं. तेवढं वजा केलं तरी तू दीड मिनिटाने पुढे होतास.

अप्पांच्या बोलण्यावरून मला आणखी एक गोष्ट कळली आहे. दार बंद असताना कळली. तू त्या दिवसानंतर धावला नाहीस. घड्याळ कुणाला तरी देऊन टाकलंस. मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून तिकडे मोठ्या शर्यती धावत असशील, आणि मी त्या रागाचाही थोडा अभिमान बाळगून होते.

आई

बसवकल्याण
सोमवार, १२ जानेवारी २०२६

रत्नपाल,

काल शर्यत झाली. क्रमाने सांगते.

पहाटे नऊ अंश होतं. सहाशे ऐंशी जण सुटले, सहाशे एकावन्न जणांनी पूर्ण केली. अंतर एकवीस किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटर, कागदावर शिक्क्यासह. मी वळणावर नव्हते. मीच सांगितलं की यंदा मला शेवटच्या रेषेवर ठेवा. वळणावर पुलाच्या अलीकडे, नव्या रेघेवर, शिवराजचे काका शंकू घेऊन उभे होते. मुडबीच्या रस्त्यावर एकाही शेतकऱ्याने तूर पसरली नव्हती. किशनरावांनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं होतं, बाई येतील.

अंबिका बायकांत पहिली आली, एक तास बत्तीस मिनिटं. मोजे घातले होते. तिचे वडील रडले आणि मग डोळ्यात धूळ गेली म्हणाले. पुरुषांत शिवराजच पहिला, एक तास सतरा मिनिटं चाळीस सेकंद.

बक्षिसं वाटून झाल्यावर मी माईक घेतला. लोक उठायला लागले होते, त्यांना वाटलं मॅडम कचरा उचलायला सांगणार. मी बसा म्हटलं, बसले. मी लिहून नेलं नव्हतं, पण मला एकेक शब्द आठवतो, कारण मी तो आधी महिनाभर घासत होते.

मी म्हणाले, "बारा जानेवारी दोन हजार वीस रोजी याच माईकवरून मी रत्नपाल धम्मानंद याला बाद केलं आणि लबाडी केली असं म्हणाले. शंकू मी चुकीच्या जागी ठेवला होता. मोजणी माझी होती, चूक माझी होती. तो त्याच्या घड्याळाप्रमाणे बरोबर जागी वळला होता. निकाल बदलत नाही. शंकूला वळसा घातला नाही तो बाद, हा नियम तेव्हाही होता, आजही आहे. पण लबाडी झाली नव्हती. तो शब्द मी परत घेते."

मग तेच कन्नडमध्ये सांगितलं. तिथे एक वाक्य दोनदा बोलले, "तप्पु नंदु." चूक माझी. कन्नडमध्ये ते दोन शब्दांत होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, आमचे चारशे बावीस मीटर परत द्या." लोक हसले. मी म्हटलं, ते तुमच्या पायांत जमा आहेत, पुढच्या वर्षी कामाला येतील. लोक आणखी हसले. आणि मग मी ती गोष्ट सांगितली जी मला शनिवारी, वह्या चाळताना लक्षात आली होती. तुलाही कुणी सांगितली नसेल.

या रस्त्यावर २०२० पासून चार शर्यती झाल्या. हजार-बाराशे माणसं धावली. सगळ्यांनी माझ्या शंकूला वळसा घातला, म्हणजे सगळे साडेएकवीस धावले. हाफ मॅरेथॉन एकाही माणसाने पूर्ण केली नाही. फक्त एकाने केली, आणि त्याला मी बाद केलं.

त्या दिवशी शेवटच्या रेषेवर अण्णाराव वेळ टिपत होते. तू बाद झालास तरी त्यांच्या वहीत तुझा वेळ राहिला. एक तास सोळा मिनिटं बावीस सेकंद. मी तो आकडा माईकवरून वाचला. कालच्या बरोबर अंतरावर, कालच्या पहिल्या नंबरापेक्षा तो एक मिनिट अठरा सेकंदांनी कमी आहे. या रस्त्यावर एकवीस किलोमीटर याहून वेगाने आजवर कुणी धावलेलं नाही.

टाळ्या शिवराजने सुरू केल्या. मी त्या मोजल्या नाहीत. पण बराच वेळ चालल्या. मी सरळ उभी राहिले. शाळेत माझ्या वर्गातली पोरं जिल्ह्यात पहिली यायची तेव्हाही मी अशीच उभी राहायचे, चेहरा न हलवता. अप्पा पुढच्या रांगेत होते. त्यांना ते जमलं नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. या वेळी अप्पा मागच्या खोलीत गेले नाहीत. तू त्यांना विचारलंस, खरंच बोलली का माईकवर. अप्पा म्हणाले, "बोलली. दोन्ही भाषांत." मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. हात ओले आहेत म्हणावं तर ते कोरडे होते, कामही काही नव्हतं. तरी मी मानेने नाही म्हटलं आणि आत गेले. तुला वाटलं असेल, अजून तोच ताठा. तो ताठा नव्हता. मी घाबरले होते. सहाशे माणसांसमोर बोलता आलं, आणि तुझ्या एका हॅलोसाठी तोंड उघडेना. हे मी अप्पांनाही सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे. पुढच्या वेळी फोन केलास तर मी घेईन. आवाज बसका वाटला तर थंडीचा समज.

पुढची शर्यत दहा जानेवारी २०२७ ला आहे. नावनोंदणी जूनमध्ये सुरू होईल. तुझं वय आता तीस. सहा वर्षं न धावलेल्या पायांना एकदम एकवीस झेपत नाहीत, म्हणून आतापासून आठवड्याला चार दिवस, पहिला महिना फक्त तीन किलोमीटर. विशाखापट्टणमच्या वाळूत धावू नकोस, घोटे जातात. डांबरावर धाव.

मला पुन्हा वळणावर उभं करायचं असं क्लबने ठरवलं आहे. मी हो म्हटलं आहे. मोजणी या वेळी तीन जणांची आहे आणि रेघ बरोबर आहे. तू आलास तर शंकूला पूर्ण वळसा घालायचा. तुझं घड्याळ काही म्हणो.

आई